रांगेत किती?

माझ्या मावशीच्या यजमानांना अख्ख्या जन्मात एक सरळ प्रश्न विचारता आला नाही. "जेवलीस का" एवढंच विचारायचं असलं तरी ते म्हणत, "टोपल्यात भाकरी होत्या चार, आता हायत दोन, मी एकबी खाल्ली न्हाय. मग चोर कोन?"

बेंबळीकडच्या आमच्या गावात काका दूध सोसायटीत माप घालायचे. ऐंशीनंतरच्या त्या कोरड्या वर्षांत म्हशी आटल्या, माप थांबलं आणि त्यांची कोडी सुटली गावावर. एसटीच्या कंडक्टरला त्यांनी विचारलं, "बेंबळीला पाच चढले, तीन उतरले, पुढं सात चढले. ड्रायव्हरचं वय किती?" कंडक्टर बोटं मोजत राहिला, गाडी तेवढा वेळ तिथंच. गुरुजींना म्हणाले, "चार गडी दिवसात एक खड्डा खणत्यात. दोन गडी अर्धा खड्डा किती वेळात खणतील?"

"एका दिवसात."

"अर्धा खड्डा नसतोय, गुरुजी. खणला की खड्डाच."

तेव्हापासून गुरुजी मागच्या गल्लीनं शाळेला जायला लागले.

मी गणितात दोनदा नापास होऊन सहावीतच शाळा सोडलेली. टँकरची रांग हीच माझी शाळा. माणूस नसलं तरी घागर रांगेत असली की माणूस रांगेत धरायचं, हा गावचा कायदा. काका कोडी घालत रांगेकडेनं यायचे आणि मी घागरीआड तोंड लपवायची. "आकड्याला भिऊ नगं," ते म्हणायचे, "आकडा लई बडबड्या. आधी सवाल काय म्हनतोय ते ऐक."

एक दिवस तालुक्याचे साहेब आले. त्यांच्या कागदावर गावात सात विहिरी; सात विहिरींच्या गावाला टँकर कशाला, उद्यापासून बंद. मावशी हळूच म्हणाली, "आता तरी कोडं घालू नका, हात जोडते."

काका साहेबांपुढं गेले. "एक हिशेब अडलाय, साहेब. सात विहिरी. हरेकीवर दोन दोर. दर दोराला तासात दहा घागरी. तासाला किती घागरी भरतील?"

"एकशे चाळीस," साहेबांनी पटकन सांगितलं.

काकांनी रांगेकडं पाहिलं, आणि नेमकं मलाच विचारलं, "तू सांग गं."

मी घागरीआडून तोंड बाहेर काढलं. "एकबी न्हाय, काका. विहिरींत पाणी कुठंय?"

रांग हसली. साहेब हसले नाहीत. पण उठले आणि उन्हात सातही विहिरींत डोकावून आले. टँकर चालू राहिला. काकांनी दिवसभर भेटेल त्याला सांगितलं, "साहेबापेक्षा आमची पोरगी हुशार."

परवा इथं सुरतेत नात मोबाइलवर कोड्यांचा खेळ खेळताना अडली. दहा मेणबत्त्या जळतायत, तीन विझवल्या, शेवटी किती उरतील? ती सारखं सात दाबत होती. मी म्हटलं, "तीन. बाकीच्या जळून जातील की." तिनं तीन दाबलं, बरोबर निघालं. "आजी, तू कुठं शिकलीस?"

काय सांगू तिला? लग्न होऊन मी इथं आले तेव्हा भाषा कळत नव्हती, बाजारात जायचीही भीती वाटायची. काकांचं कार्ड आलं. त्यात खुशाली नाही, काही नाही, नुसतं: "तुला धरून रांगेत चाळीस. तू सुरतेला गेलीस. रांगेत किती?"

मी रडत रडतच लिहिलं, एकोणचाळीस.

उलट टपाली उत्तर आलं. काका आता नाहीत, कार्ड अजून आहे: "चूक. चाळीस. मावशी रोज तुझी घागर लावती."