गोलपोस्टापुढचं खाचर

सारोळ्याच्या फाट्यावर, नीरेच्या पुलाच्या अलीकडे, आम्ही गोव्याच्या एस्टीची वाट बघत उभे होतो. आम्ही म्हणजे मी, आई, आबा आणि मला फुटबॉलला लावणारे आमचे पीटीचे सर. मला सतरावं सरत आलेलं. एस्टी आली तशी आई रडायला लागली, सरांनी पाठीवर थाप मारली, आणि आबा आधी कंडक्टरकडे गेले. पोरगं पहिल्यांदाच निघालंय, ठिकाण आलं की हाक मारा, असं त्याला दोनदा बजावून मग माझ्या खिडकीशी आले.

"परक्याच्या रानात पाय टाकतुयास, जपून टाक," ते म्हणाले. "उब्या पिकात शिरू नगं."

मी निघालो होतो फुटबॉल खेळायला. त्यात रान कुणाचं आणि पीक कुठलं, हे मला काही उमगलं नाही. पण त्या फाट्यावरून तुमच्यातले जे बाहेर पडले आणि जे हात हलवून भोरच्या टेम्पोत परत बसले, त्या सगळ्यांना असलं काहीतरी ऐकावं नाहीतर सांगावं लागलं असेलच.

आमचं गाव भोरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. तिथं सपाट जमीन म्हणजे भाताची खाचरं. पीक निघालं की आम्ही पोरं त्यात बॉल खेळायचो. भाताच्या धसकटांवर अंग टाकायला कुणी राजी नसायचं, मला त्याचं काही वाटायचं नाही, म्हणून मी गोलकीपर झालो. एवढ्या भांडवलावर मी गोव्यातल्या एका मोठ्या क्लबात पंधरा वर्षं काढली, हे माझं मलाच कधीकधी खरं वाटत नाही. निळी जर्सी, हॉस्टेल, सकाळी भाकरीऐवजी पोदेराचे, म्हणजे पाववाल्याचे, गरम उंडे. फोनवर माझ्या तोंडून 'बरें' निघालं की आई शेजारणीला सांगायची, पोराचं बोलणं लई गोड झालंय. आबा मात्र एकही सामना बघायला आले नाहीत. पावसात लावणी, दिवाळीत कापणी, मग झोडणी. मीही कधी फार आग्रह केला नाही.

मग गुडघ्यानं दगा दिला. क्लबानं शाल दिली, घड्याळ दिलं, आणि नवीन करार दिला नाही. मोठ्या क्लबातून बाहेर पडलेला खेळाडू म्हणजे लग्नानंतरचा मांडव, काढायचाच असतो, फक्त कधी आणि कोण काढणार एवढाच प्रश्न. माझ्याबरोबर खेळलेला केरळचा शाजी बँकेत लागला, टाय बांधून बसतो. आमचा राईट बॅक आग्नेल, ज्याच्या अंगावरून पुढे जायला भलेभले घाबरायचे, तो बापाची बेकरी सांभाळतो आणि सकाळी स्कूटरवर भोंगा वाजवत दारोदार पाव वाटतो. मी कोचिंगचा कोर्स करायला गेलो, तर लेखी परीक्षेत आडवा झालो. जिममध्ये लागलो, तिथं आरसेच आरसे, चौफेर मीच दिसायचो. सोडून दिलं.

शेवटी एका गावाच्या पंचायतीनं मैदान राखायला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं. तिथं गोलपोस्टापुढं गवत टिकत नव्हतं. मी म्हणालो, टिकवून दाखवतो. गवताचे कोंब काढले आणि आमच्याकडे भात लावतात तसे, मागं मागं सरकत ओळीत लावले. नंतर हिरवळ धरली आणि मलाही जरा बरं वाटलं.

हे सगळं मी घरी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं. घरात माझा निळ्या जर्सीतला फोटो, भोरच्या बाजारात आबांची ताठ मान, आणि मी हातात पाण्याचा पाईप घेऊन उभा. कसं सांगणार? लाज वाटत होती, दुसरं काय.

आणि नेमका माझा जुना क्लब गावच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, मैत्रीच्या सामन्यासाठी त्याच मैदानावर यायचा ठरला. सरांना हे कुठूनतरी कळलं, त्यांनी आबांना सांगितलं. शेती आता धाकट्या भावाकडे होती, त्यामुळं आबा मोकळे. "औंदा तुजा ख्योळ बगायचाच," असं फोनवर सांगून, मला तोंड उघडायलाही न देता त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी संध्याकाळी ते धो धो पावसात, इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊन उतरले. मैदानाला लागून असलेल्या माझ्या खोलीत जेवले आणि दमून झोपले. उद्या सांगू, असं म्हणून मीही आडवा झालो.

सकाळी उघाडलं होतं. मी आग्नेलच्या स्कूटरवर रेषा मारायची फक्की आणायला गेलो. परत येऊन बघतो तर उताराकडच्या गोलपोस्टापुढं घोटाभर पाणी, कडेनं चिखलाचा बांध, पाणी जायची चारी मातीनं गच्च भरलेली, आणि हातात खोरं घेऊन आबा प्रसन्न चेहऱ्यानं उभे.

"कुना येड्याचं रान हाय रं हे?" ते म्हणाले. "रोपं वळीत लावली आन् पानी दिलं सोडून. समदं वाया चाललं व्हतं. म्या अडीवलं."

आग्नेल पाण्याकडे बघत म्हणाला, "कितें रे, मैदानाचें शेत केलां?"

दुपारी सामना, सरपंचांसकट अख्खं गाव येणार, आणि माझे तीन महिने त्याच आठवड्यात भरत होते. हेच खेळायचं मैदान, इथं पाणी ठेवायचं नसतं, हे आबांना सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरला. पण माणूस शेतकरी. घटकाभरात त्यांनी चारी मोकळी केली, बांध दोन ठिकाणी फोडला, आणि कापणीआधी खाचर निथळवतात तशा खोऱ्याच्या टोकानं कडेकडेनं बारीक वाटा काढल्या. रोपांच्या ओळींना धक्का लागू दिला नाही. आग्नेल बेकरीतली मैद्याची रिकामी पोती घेऊन आला. आबांनी खोलीत जाऊन तांदूळ चादरीवर ओतले आणि तेही पोतं आणलं. आम्ही पोती पसरायचो, पाणी प्यायली की उचलून बाहेर पिळायचो. क्लबाची बस आली तेव्हा मी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला होतो. जुने दोस्त उतरले, मला बघून खदखदून हसले, बूट-मोजे काढून तेही पोती पिळायला लागले. सामना अर्धा तास उशिरा का होईना, सुरू व्हायच्या बेतात आला.

दोन्ही संघ रांगेत उभे राहिले. मी आबांच्या शेजारी, फक्कीचा डबा घेऊन.

"तू कवा जानार त्यांच्यात?" आबांनी विचारलं.

"मी जात न्हाई आबा. दोन वर्सं झाली, त्यांनी मला काडलं. आता हे मैदान मी बगतो."

शिट्टी झाली, बॉल हलला, तरी आबा गोलपोस्टापुढच्या गवताकडेच बघत होते.

"म्हंजी सकाळचा येडा तू?"

"व्हय."

"हे समदं तुज्याकडं? ह्या टोकापास्नं त्या टोकापत्तोर?"

"व्हय."

त्यांनी मान डोलावली. मग सारोळ्याच्या फाट्यावर बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, "मंग परकं न्हाई."

आणि सामना संपेपर्यंत त्यांनी बॉलकडे फारसं बघितलंच नाही. कुणी त्या ओळींवर बूट घासला की तेवढं चुकचुकायचे. पंधरा वर्षं मी दुसऱ्याच्या रानात मजुरीला होतो आणि आता कुठं माझं रान झालं, हा त्यांचा सरळ हिशोब. मी जे दोन वर्षं लपवलं, ते त्यांनी भोरच्या बाजारात आठवड्याभरात सगळ्यांना सांगितलं.

पंचायतीनं मला ठेवून घेतलं. गवताचं कौतुक झालं, आणि चारीला जाळी बसवा असंही सुचवलं गेलं. आबांना बसवायला मी स्टँडवर गेलो तेव्हा कंडक्टरला मी दोनदा बजावलं, सारोळा आला की हाक मारा.

घर कुठं, असं कुणी विचारलं की आधी मी भोर म्हणायचो आणि मनात खट्टू व्हायचो. आता भोर आणि हे गाव, दोन्ही सांगतो. पाऊस लागला की आबांचे रात्री जेवणाआधी दोन प्रश्न असतात. भावाला विचारतात, पाणी राहिलं का. मग मला फोन लावून विचारतात, पाणी गेलं का. दोघांची उत्तरं आल्याशिवाय ते ताटावर बसत नाहीत, असं आई सांगते.