पाहुणीचं उत्तर

"जेवलात का?"

"सुदाह."

"जोरात नको. हळू, हसून. पुन्हा."

"सुदाह."

शिकवणाऱ्या बाईंनी, बू वुर्यानींनी, खुर्चीत पाय लांब केले आणि गुडघा चोळला. एकोणतीस वर्षं! एकोणतीस वर्षं ह्या बाई इंडोनेशियातल्या जोग्जा शहरात एका भाषेच्या शाळेत परदेशी माणसांना तीच पंधरा-वीस वाक्यं शिकवत होत्या. काय खबर, बरं आहे, कुठं निघालात, असंच जरा फिरायला. पोपटालासुद्धा एवढ्यात कंटाळा आला असता. घसा बसला, केस पांढरे झाले, नवरा गेला, लेक लग्न होऊन दूर बाताम बेटावर गेली, तरी यांचं आपलं चालूच: "पुन्हा." ही शेवटची विद्यार्थिनी, मग पुरे, असं त्यांनी गेल्या तीन विद्यार्थ्यांच्या वेळी ठरवलं होतं.

"सुदाह म्हणजे झालं," त्या फळ्याकडे न बघताच म्हणाल्या. "आणि नसेल झालं तर सरळ नाही म्हणायचं नसतं, बलुम म्हणायचं. अजून नाही. लग्न? बलुम. मुलंबाळं? बलुम. पण कोणाच्या घरी गेलात आणि जेवलात का विचारलं, तर पोटात कावळे ओरडत असले तरी उत्तर एकच."

"सुदाह," समोरची बाई म्हणाली.

हा नियम वुर्यानींनी उगीच केला नव्हता. तेरा वर्षांपूर्वी त्या एका विद्यार्थ्याला खेड्यात ओळखीच्या घरी घेऊन गेल्या होत्या. दाराइतका उंच बाप्या! घरधनिणीने रीतीप्रमाणे विचारलं, जेवलात का? हा पठ्ठ्या नुकताच शिकलेला शब्द वापरायला मिळाला म्हणून खुशीत ओरडला, "बलुम!" झालं. त्या बाईचा चेहरा उतरला, पण शब्द परत कसा घेणार? अंडी घालणारी एकुलती एक कोंबडी तिने परसात धरली. तिच्या दोन्ही तंगड्या ह्याने मिटक्या मारत खाल्ल्या. वुर्यानींना तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या दिवसापासून तिसरा धडा, 'पाहुणे होऊन जाताना', त्या छडी न घेता पण छडीच्या आवाजात शिकवायच्या.

आत्ताची ही विद्यार्थिनी वेगळी होती. नाव हानेके, वय चव्वेचाळीस. रंग, नाक, डोळे, सगळं इथलंच. बाजारातल्या भाजीवाल्या तिच्याशी भडाभडा बोलायच्या आणि ही नुसती हसायची, तेव्हा त्यांना वाटायचं, काय शिष्ट बाई आहे! शिष्ट कसली, तिला एक अक्षर कळत नव्हतं. नऊ दिवसांची असताना तिला हॉलंडच्या जोडप्याने दत्तक नेलं होतं. तिकडेच वाढली, तिकडेच बागांची आखणी करायचं काम करायची. आईचा पत्ता लागायला तिला अकरा वर्षं लागली. आई जिवंत होती, गुनुंग किदुलच्या डोंगरात एकटी राहत होती, नाव पाइयेम. भेटीचा दिवस ठरला आणि त्याआधी पाच आठवडे ही वुर्यानींसमोर येऊन बसली.

"दुभाषी म्हणून मी येईन की," वुर्यानी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "कशाला जिवाला त्रास?"

"या. पण बाहेर बसा," हानेके म्हणाली. "पहिली चार वाक्यं माझ्या तोंडची हवीत. चव्वेचाळीस वर्षांनी भेटून तिने माझ्याऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायचं, हे मला नको."

बरोबरच होतं. पण वुर्यानींना खरं सांगायचं तर दमायला झालं होतं. संध्याकाळी घरी आल्या की स्वयंपाकाचा उत्साह नसे. दोन केळी खायची आणि पडायचं. तेवढ्यात बातामहून लेकीचा, रेत्नोचा फोन यायचा. "आई, जेवलीस का?" "सुदाह गं. तू झोप."

ठरल्या दिवशी भाड्याची गाडी करून दोघी निघाल्या. हानेकेने सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. वाटेत वुर्यानींनी भजी विकत घेतली, तर ती नको म्हणाली, मग यांनाही एकटीने खाणं बरं दिसेना. पुडी तशीच गाडीत थंड झाली. वळणावळणाच्या चढावर ती आपली पुटपुटत होती: काय खबर, बरी आहे, इबू म्हणजे आई, मी हानेके, तुला भेटून आनंद झाला, सुदाह, सुदाह.

पाइयेमचं घर टेकाडाच्या कडेला, मागे सागाची झाडं. राहणारं बाईमाणूस एकटंच. वयाने सत्तरीला टेकलेली, पाठीत वाकलेली, पण अंगावर इस्त्रीचा नवा ब्लाउज. ती दारात उभी होती. हानेके वाकली, तिने आईचा हात हातात घेऊन कपाळाला लावला. हेही पाच आठवडे घोटून घेतलेलं. दोघी आत गेल्या. वुर्यानी अंगणातल्या बाकावर बसल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे कान न देताही सगळं ऐकू येत होतं.

"काय... खबर?" हानेके.

"बरी... आहे. आपण... बसा."

वुर्यानी चपापल्या. पाइयेम बोलत होती ती इंडोनेशियन, आणि ती हानेकेपेक्षाही अडखळत! ह्या डोंगरातल्या बायांची जन्मभराची भाषा जावानीज. टीव्हीवरचं इंडोनेशियन त्यांना कळतं, पण तोंडातून फुटत नाही. म्हणजे हिनेही कोणाकडून तरी वाक्यं पाठ केली होती. मायलेकी, आणि दोघी बालवाडीतल्या!

मग पाइयेमने खोल श्वास घेतल्याचं बाहेर ऐकू आलं. एकेक शब्द जपून ठेवत ती म्हणाली, "आपण... जेवलात का?"

"सुदाह," हानेके म्हणाली. हळू, हसून. अगदी शिकवल्यासारखं.

मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने पाइयेम अंगणात आली. हातात रिकामी कळशी होती, पण आडाकडे न जाता ती तिथेच उभी राहिली. वुर्यानींनी जावानीजमध्ये विचारलं, "काय झालं, बाई?"

"काय न्हाई, बू गुरू. खाऊन आलीया ती. बरं झालं." ती पदरासारखा खांद्यावरचा पंचा तोंडावरून फिरवत म्हणाली. "मोठ्या हाटेलात राहती, तिला माझ्या चुलीवरचं काय गोड लागणार? मीच येडी. सरपंचाच्या बायकोकडनं तीन दिस तेवढं एकच वाक्य घोटून घेतलं. म्हटलं, बाकी काय बी न्हाई बोलता आलं तरी चालंल, पर हे इचारायचं. कोंबडी कापली, लाल भात केला, हिरव्या मिरचीचा रस्सा केला. नऊ दिसांची होती तवा माझ्या अंगावर दूध नव्हतं. माझं मलाच खायला नव्हतं तर दूध कुठनं यायचं? उपाशी रडत गेली ती माझ्या घरनं. म्हटलं, एकदा तरी पोटभर घालीन. पर आता जेवलीच हाय, तर काय करायचं?"

या अल्ला! ही करामत कोणाची? वुर्यानींचीच. तिसरा धडा! एका कोंबडीपायी तेरा वर्षं प्रत्येकाच्या तोंडात कोंबलेला तो शब्द. पाहुण्याने कसं वागावं हे त्यांनी घोटून घेतलं, आणि ही पोर पाहुणी नाही, हे पाच आठवड्यांत एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नाही. दमलेल्या माणसाने शिकवू नये ते ह्यासाठी. त्यांना स्वतःचाच असा राग आला की गुडघ्याचं दुखणं विसरून त्या ताडकन उठल्या.

"थांबा इथंच," त्या पाइयेमला म्हणाल्या आणि आत शिरल्या.

हानेके चटईवर अंग चोरून बसली होती. समोर झाकलेली भांडी.

"मी काय चुकीचं बोलले?" तिने इंग्रजीत विचारलं. "तिचा चेहराच पडला. मी बरोबर म्हटलं ना? हसून म्हटलं."

"तू बरोबर म्हटलंस. मी चुकीचं शिकवलं." वुर्यानी धाप टाकत खाली बसल्या. "ते उत्तर पाहुण्याचं. दुसऱ्याच्या घरचं. आईच्या घरी कोणी असं म्हणतं का? ती कालपासून रांधते आहे. तिला तुझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं, की तुला भूक लागली आहे."

हानेके बघतच राहिली. "तुम्ही माझ्याकडून साठ वेळा म्हणवून घेतलंत ते!"

"घेतलं. माझं चुकलं. आता विसर ते."

"आणि आता कसं सांगू? सुदाह तर म्हणून बसले. मघाशी खोटं बोलले म्हणू?"

"आई समजून घेईल. तू फक्त सांग. दुसरा शब्द तुला येतो."

हानेके उठली. दारात गेली. पाइयेम अजून रिकामी कळशी घेऊन उभीच होती. हानेकेने तिच्या हातातून ती कळशी काढून घेतली. पाच आठवड्यांचं सगळं पाठांतर पार उडालं असावं, कारण बाकी काही तिला आठवेना.

"बलुम," ती म्हणाली. मग लहान मूल म्हणेल तसं पोटावर हात ठेवून, "इबू. बलुम."

पाइयेमने तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच. आणि मग जे आपण-तुपण चाललं होतं ते सगळं गळून पडलं. ती तिच्या जावानीजमध्येच ओरडली, "अगं माझे आई! मग मघापासनं बोलली न्हाईस ती? ये, बस. बस आधी! रस्सा गार झाला असंल, थांब, गरम करते!" हानेकेला त्यातला एक शब्द कळला नाही, तरी ती लगबगीने जाऊन चुलीपाशी बसली.

मग ती जेवली. हाताने, रस्सा मनगटापर्यंत ओघळवत, तिखटाने नाकाडोळ्यातून पाणी काढत जेवली. ते पाणी नुसतं तिखटाचं नव्हतं, हे तिघींनाही कळत होतं. पाइयेम भात वाढत होती आणि नुसती बघत होती.

मधेच हानेके थांबली. पाइयेमच्या पुढ्यात पान नव्हतं. पाच आठवडे ज्या प्रश्नाचं नुसतं उत्तरच दिलं होतं, तो प्रश्न तिने जुळवला.

"इबू... जेवलीस का?"

"सुदाह, सुदाह," पाइयेम हात हलवत म्हणाली. "तू खा."

हानेकेने वळून दारातल्या वुर्यानींकडे पाहिलं. "खरं?"

रोज संध्याकाळी दोन केळी खाऊन फोनवर हेच उत्तर देणाऱ्या वुर्यानींना ह्यात विचार करावा लागला नाही.

"खोटं," त्या म्हणाल्या. "आया असंच म्हणतात."

हानेकेने आपलं पान उचलून दोघींच्या मधे ठेवलं आणि कोंबडीची एक तंगडी आईच्या बाजूला सरकवली. पाइयेम नको नको म्हणाली, दोनदा, रीतीप्रमाणे. मग ती खाली बसली.

बू वुर्यानी उंबऱ्यावर टेकल्या. सकाळपासून त्यांच्याही पोटात काही नव्हतं, आणि आता कोणी विचारलंच तर खरं काय ते सांगायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.