निघालेल्याला हाक

माझा धाकटा भाऊ शरशेनाली बावीस हिवाळे स्कीवाल्यांना डोंगरावर नेत आला, पण स्वतः एकदाही स्की पायात घातली नाही. थोरल्या बहिणीला आमच्यात एजे म्हणतात; तो म्हणतो, "एजे, धडधाकट माणसानं मुद्दाम घसरायचं कशाला?" त्याची राखाडी व्हॅन दिसते पावाच्या लादीसारखी आणि रडते उंटासारखी. गियर पडला नाही की तो तिची आई काढतो, पडला की माफी मागतो. मागच्या सीटखाली घसरत्या बर्फावर टाकायला राखेचं पोतं कायम. पट्टा न लावणाऱ्याला, मग तो कुठल्या का देशाचा असेना, खाली उतरवायचा. रस्त्याला इतका भिणारा ड्रायव्हर आमच्याकडे दुसरा नाही, म्हणून तर लोक पोरं त्याच्या हवाली करायचे.

गेल्या फेब्रुवारीत दोन दिवस बर्फ पडला, मग ऊन, मग पुन्हा गारठा. रस्त्याची काच झाली. बर्फात पकड धरावी म्हणून चाकांना बांधायच्या साखळ्या गोठून कडक झाल्या होत्या, त्या त्यानं रात्रभर माझ्या चुलीमागे सुकत टाकल्या. सकाळी चहा झाल्यावर मी तळहात उघडून त्याला आशीर्वाद दिला, वाट पांढरी असो. आमच्यात असंच म्हणतात. त्या दिवशी ती हवी त्याहून पांढरी होती. दोघांनी तोंडावरून हात फिरवले आणि तो निघाला.

मग मला चुलीमागे तशाच राहिलेल्या साखळ्या दिसल्या. गाडी अजून गल्लीच्या तोंडाशीच होती, तो पुढच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. एक हाक पुरली असती. पण आशीर्वाद घेऊन निघालेल्याला मागून बोलावलं, किंवा तो स्वतः मागे वळला, की वाटेत वाईट होतं, हे आईनं आम्हाला दुधाबरोबर पाजलेलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. डोंगराच्या पायथ्याशी साखळ्या तपासतात त्या फाटकावर कुणाकडून तरी मागून घेईल, अशी स्वतःची समजूत घातली.

फाटकावरच्या माणसानं बावीस वर्षांच्या ओळखीपोटी चाकांकडे न बघताच हात हलवला. चौथ्या वळणावर गाडी मागे घसरू लागली. एका अंगाला नदीची घळ. शरशेनालीनं गाडीची पाठ डोंगरात घातली, तशी ती कलंडली. आतल्या सहांपैकी पाच जण अंग झटकून उठले. सहावी आइझिरेक, सोळा वर्षांची, वसंतातल्या शर्यतीसाठी रोज वर जाणारी. तिचा पाय गुडघ्याखाली दोन जागी मोडला.

गावानं दोष बर्फाला दिला. शरशेनाली होता म्हणून सगळे जगले, असं म्हणत लोक मटण घेऊन यायचे. तो ताटाला हात लावायचा नाही. दहाव्या दिवशी मीच बोलले.

"साखळ्या मी पाहिल्या होत्या रे. तू गल्लीतच होतास."

त्यानं चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "मला पुलावरच आठवलं, फाटकाच्या अलीकडे."

"मग वळला का नाहीस?"

"तू हाक का नाही मारलीस?"

दोघांकडे उत्तर एकच होतं, आणि ते मोठ्यानं म्हणण्याजोगं नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही आइझिरेकच्या घरी गेलो. हे बोलल्यावर डोंगरावर गाडी नेण्याचा परवाना जाणार, हे त्याला ठाऊक होतं. मी वाटेत दोनदा थांबले, तो थांबला नाही. पोर आतल्या खोलीत पाय वर टांगून पडली होती. डॉक्टर म्हणाले होते चालेल, शर्यतीचं काही म्हणाले नव्हते. तिच्या आईनं, कानीमेतनं, आमच्यापुढे पाव ठेवला, पण घ्या म्हणाली नाही. शरशेनालीनं टोपी काढून सगळं सांगितलं, पुलासकट. माझा वाटा मी सांगितला.

कानीमेत रडली नाही की ओरडली नाही. तिनं त्याला एवढंच विचारलं, "तिथवर चढेपर्यंत तुम्हाला भीती नाही वाटली?"

"प्रत्येक वळणावर वाटली," तो म्हणाला.

"आणि माझी मुलगी मागे बसून गात असेल."

"गात होती," तो म्हणाला.

मग कानीमेत उठून आत गेली, लेकीकडे, आणि दार लावून घेतलं. पुढ्यातला पाव तसाच ठेवून उठणं आमच्यात चालत नाही, म्हणून एकेक तुकडा मोडून खाल्ला. तिथून तो सरळ परवान्याच्या कचेरीकडे वळला.