ब्रेकचा लाल दिवा

पांढरकवड्यापासून आत, डोंगरावर, कोलाम आदिवासींचा एक पोड आहे. वीस-बावीस घरांची वस्ती. डांबरी रस्ता खालीच संपतो. पुढे मुरमाची वाट आणि तिच्या शेवटी एक उभा चढ. गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर पोडावरच्या विहिरीची बातमी करायला मी माझी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेऊन तिथं गेलो. त्या चढावर जे घडलं, त्याबद्दल मी चार दिवस खोटं बोललो.

जीपचं काम पांढरकवड्यातले एक मिस्त्री करत. साठी उलटलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी चारही चाकांचे ब्रेक उघडून साफ केले, नवे लायनर बसवले आणि मला समोर उभं करून चढाचं सांगितलं. लो गिअरमध्ये जायचं, मध्येच गिअर बदलायचा नाही. गाडी चढली नाही, बंद पडली, तर आधी ब्रेक, पूर्ण. ब्रेक धरल्याशिवाय क्लचला पाय लावायचा नाही. ब्रेक धरूनच इंजिन सुरू करायचं, रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडायचा आणि मग ब्रेक हळूहळू ढिला करत इंजिनच्या पकडीत सरळ मागं यायचं. स्टिअरिंग वळवायचं नाही. चढावर आडवी झालेली गाडी उलटते. आणि मागं माणूस नको.

मी मान हलवली. लोकांचं ऐकून लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. ऐकलं म्हणजे आलं, असं मला वाटत आलंय.

पोडावरचे एक म्हातारबाबा वाट दाखवायला माझ्याबरोबर होते. चढाच्या पायथ्याशी ते खाली उतरले आणि एक मोठा दगड उचलून जीपच्या मागं उभे राहिले. या भागातली ही रीत आहे. गाडी चढायला लागली की एक जण दगड घेऊन मागून चालतो, आणि गाडी थांबली की चाकामागं दगड लावतो. बैलगाडीपासून हे चालत आलंय. मी त्यांना नको म्हणायला हवं होतं. उलट, मागं कोणी आहे म्हणून मला धीर आला.

दोन तृतीयांश चढ झाल्यावर चाकं सुट्या गिट्टीवर जागच्या जागी फिरली आणि इंजिन बंद पडलं. मी क्लच दाबला. उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरच होता. गिअरमधून सुटलेली जीप मागं निघाली. मी आरशात न पाहता स्टिअरिंग फिरवलं. जीप तिरकी झाली, एका बाजूची चाकं वाटेबाहेर गेली आणि मागचा भाग सागाच्या एका झाडाला जाऊन टेकला. झाड नसतं तर ती उलटली असती.

म्हातारबाबा दगड टाकून बाजूच्या झुडपात पडले होते. नडगी सोलवटली होती. ते उठून आले आणि मला कुठं लागलं का, असं विचारू लागले. त्यांना विचारायचं मला त्यानंतर सुचलं.

जीप तिथंच सोडून मी पायी खाली आलो. डांबरी रस्त्यावर फाट्याला चहाची टपरी आहे. तिथं वडापच्या प्रवासी जीप चालवणारे दोन ड्रायव्हर बसले होते. माझे मळलेले कपडे पाहून त्यांनी काय झालं ते विचारलं.

"ब्रेक लागला नाही," मी म्हणालो.

"काम कोणाकडे केलतं?"

मी सांगितलं. एकानं चहाचा पेला खाली ठेवला. त्याची गाडी दुसऱ्या दिवशी चाचांकडेच ब्रेकला जायची होती. ती गेली नाही. दुसऱ्याचीही गेली नाही. ही गोष्ट मला खुद्द चाचांच्या फोनवरून कळली. आवाज न चढवता त्यांनी विचारलं की, पेडल पूर्ण खाली गेलं होतं का, की कडक लागलं होतं. मी म्हणालो, गडबडीत नीट आठवत नाही. एखाद्यावर आरोप करणारी बातमी असली की आधी त्याची बाजू विचारायची, हे मी नव्या वार्ताहरांना शिकवतो. इथं ज्याच्यावर आरोप होता तोच मला विचारत होता, आणि मी उत्तर टाळत होतो.

चौथ्या दिवशी चाचा माझ्याबरोबर वर आले. त्यांनी चाकामागं दगड लावले, खाली आडवं पडून एकेक पाइप पाहिला, तेल पाहिलं, पेडल दाबून पाहिलं. कुठंही गळती नव्हती. म्हातारबाबा शेजारी उकिडवे बसून पाहत होते. चाचांनी त्यांना विचारलं की, गाडी मागं आली तेव्हा काय दिसलं.

"मी तं मांगंच होतो," ते म्हणाले. "लाल दिवा लागलाच नाई. तुम्ही आत्ता पाय देल्ला तवा लागला. त्या दिशी नाई लागला."

तक्रारीचा सूर नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. चाचा हात पुसत माझ्याकडे वळले.

"भाऊ, पाय कुठं होता?"

"ब्रेकवर नव्हता, चाचा. क्लच दाबला मी."

त्यांनी हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "मले वाटलं, माझाच हात चुकला. चार दिवस मी लायनरच आठवून राह्यलो."

दोर बांधून आम्ही जीप वाटेवर सरळ घेतली. चाचांनी म्हातारबाबांना वरच्या बाजूला उभं केलं, स्वतः माझ्या शेजारी बसले आणि मला जीप मागं घ्यायला लावली. ब्रेक, इंजिन, रिव्हर्स, क्लच बाहेर. जीप माणसाच्या चालीनं सरळ खाली आली. इतकं सोपं होतं.

फाट्यावर चाचांनी गाडी थांबवायला सांगितली. "जिथं सांगितलं, तिथंच जाऊन सांगा," ते म्हणाले आणि स्वतः जीपमध्येच बसून राहिले.

टपरीवर त्या दोघांपैकी एकच होता. मी उभ्यानंच सांगितलं, ब्रेक ठीक होते, चूक माझी होती, माझा पाय ब्रेकवर गेलाच नाही. टपरीवाला हसला. ड्रायव्हर हसला नाही.

"मंग त्या दिशी कायले नाई सांगितलं?"

 आदल्या दिवशीच त्यानं यवतमाळला जाऊन ब्रेकचं काम करून घेतलं होतं. दुसऱ्याला तो सांगेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ते तुमचं तुम्हीच सांगा.

दुसऱ्याला गाठायला मला आणखी दोन दिवस लागले. त्यानं ऐकून घेतलं. त्याची गाडी अजून चाचांकडे गेलेली नाही.