शेजारच्या घरातले जुने डिटेक्टिव्ह

अमेरिकेतल्या श्रूजबरीत आमच्या शेजारच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या टाउनहाउसमध्ये एक वयस्कर अमेरिकन गृहस्थ एकटे राहतात. टीव्ही नवा होता त्या काळातल्या डिटेक्टिव्ह मालिका त्यांनी जपून ठेवल्या आहेत. ब्लॅक अँड व्हाइट, हॅट घातलेले पोलीस, मधूनच सिगारेटच्या जाहिराती. रविवारी दुपारी ते मला बघायला बोलवायचे. गेल्या उन्हाळ्यात नागपूरहून आई आली, तीही यायला लागली. इंग्रजी तिला जेमतेम कळायचं, पण ती रमायची. त्यांना ती भाऊ म्हणायची आणि जाताना गरम बटाटेवडे न्यायची. घरात वास राहू नये म्हणून वडे आमच्या गॅरेजमध्ये, सिलेंडरच्या शेगडीवर तळायची.

एका शनिवारी फायर डिपार्टमेंटचा माणूस आला. कुणीतरी तक्रार केली होती. गॅरेजमध्ये सिलेंडर चालत नाही म्हणून त्याने शेगडी लगेच काढायला सांगितली. तो सभ्यपणेच बोलत होता, पण युनिफॉर्म बघून आईने झारा खाली ठेवला आणि घाईघाईने गॅस बंद केला. आपल्यामुळे लेकीच्या व्हिसाचं काही होईल, असं तिच्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांना सगळं सांगितलं आणि तक्रार कुणी केली असेल, असं विचारलं. त्यांनी एपिसोड थांबवला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईंचंच काम असणार. मी त्या बाईंना येता-जाता हात करणं सोडून दिलं.

काही दिवसांनी तोच माणूस पुन्हा तपासायला आला. निघताना सहज म्हणाला, "शेजारच्या आजोबांनाही सांगा, आता काळजी नको. बिचारे तक्रार घेऊन सारखे ऑफिसात येत होते."

मी तशीच त्यांच्या दारात गेले. त्यांनी नाकारलं नाही. तळणाचा वास सहन होत नव्हता, पण तोंडावर सांगणं बरं वाटेना, म्हणाले.

"मग त्या बाईंचं नाव का घेतलंत?"

"तू विचारत होतीस. काहीतरी सांगायला हवं होतं."

मी आईला सांगितलं. "मला म्हणाले असते तर मी तळलंच नसतं," ती म्हणाली. मग हळूच, "पण वडे तर आवडीने खायचे गं."

ती परत निघाली त्या दिवशी ते आमच्या दारासमोरच्या ड्राइव्हवेत येऊन उभे राहिले. आईने हात जोडले. मी बॅगा गाडीत ठेवत राहिले, त्यांच्याकडे पाहिलं नाही. अजूनही पाहत नाही.