दोघींत वाटलेलं औषध

ठमाबाईच्या सासरी एक रीत व्हती. एका जावंला काय आलं, की दुसरीलाबी तेच. तिचा भाऊ देवराम दिवाळीला यायचा तो दोन लुगडी घेऊन, एक ठमाबाईला, एक धाकट्या जावंला, मालनला. सासू कलाबाईची तशी ताकीदच व्हती. जावाजावांत कधी भांडण नाय झालं, ते त्यामुळंच.

दोघी दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागात छाटणीला जायच्या. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. छाटणीच्या आधी एक डॉक्टर मोटरसायकलवर यायचा अन् सगळ्या बायांना ताकदीची सुई टोचायचा. सुई एकच, कापसानं पुसायची अन् पुढच्या दंडात. हुशारी वाटायची म्हणून बाया रांग लावायच्या. रोग तिथनंच अंगात शिरला, अन् बारा-तेरा वरसं गप बसून राहिला.

दोन हजार तीन साली ठमाबाई पुतण्याच्या ऑपरेशनला रक्त द्यायला गेली, तर तिचं रक्त घेतलंच नाय. म्हणले, सी नावाची कावीळ हाय. डोळे पिवळे करत नाय, आतून लिवर खाती. मग मालनचं तपासलं. तिलाबी तीच.

नाशिकच्या डॉक्टरीणबाई भल्या व्हत्या. निवांत समजावलं. "ही सुई आठवड्यात तीनदा, सहा महिने. ती तुमच्या अंगालाच रोगाशी लढायला उठवते. सोबतच्या गोळ्या रोगाला वाढू देत नाहीत. मात्रा पूर्ण घ्यायची. कमी पडली तर तो दबतो, जात नाही."

औषध लय महाग. देवरामनं कारखान्यातला फंड काढला अन् बहिणीसाठी सगळं आणून ठेवलं. एकीपुरतंच.

कलाबाई ओट्यावरनं म्हणली, "मग काय, एकटीच जगायचीस का तू?"

मालन भांडी घाशीत व्हती. 

ठमाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. बहिरू बागात फवारणी करायचा. तो म्हणला, "औषध कमी असलं तर मी पाणी वाढवतो अन् दोनी वावरांवर फिरवतो."

"मग पानावरची भुरीची बुरशी जाती का?"

"दबती की."

ठमाबाईच्या कानात डॉक्टरीणबाईचा शब्द व्हता. तिला जगायचं व्हतं, दोन पोरी लग्नाच्या व्हत्या. पण तिच्या तोंडातनं नाय हा शब्द निघाला नाय.

बाटली एक, सुया मात्र दोन. तेवढं शहाणपण आता आलं व्हतं. गोळ्याबी निम्म्या निम्म्या. सुई घेतली की दोघींना हुडहुडी भरायची, एका गोधडीत पडून राहायच्या. केस गळायला लागले.

"ताई, टक्कल आधी तुमचंच पडंल," मालन म्हणायची.

"पडू दे. तुझ्या अंबाड्यात तरी काय उरलंय."

सहा महिन्यांनी दोघींचं रक्त तपासलं, तर रोग हायच. डॉक्टरीणबाईनं खोदून खोदून विचारलं, तवा ठमाबाईनं सांगितलं. बाईनं पेन खाली ठेवला.

"एकीनं पूर्ण घेतलं असतं, तर ती बहुतेक सुटली असती."

"अन् आता?"

"आता पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण."

कुठनं आणायचं? देवरामला कळलं तवा तो एवढंच म्हणला, "आक्का, मी तुझ्यासाठी आणलं व्हतं." पुढच्या दिवाळीला तो आला नाय. त्याच्या पुढच्याबी नाय.

चार वरसांनी मालनच्या पोटात पाणी झालं. हातपाय काड्या अन् पोट माठासारखं. ठमाबाईच तिचं करायची, अन् आपलंबी पोट रोज हातानं चाचपून बघायची.

एक दिवस मालन म्हणली, "ताई, त्या वक्ताला तुमी एकटीनं घेतलं असतं ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलले नसते."

"चाललं असतं," ठमाबाई म्हणली, अन् तिला उठवून बसवून पाणी पाजलं.