मधल्या खडकावरचे सोपानभाऊ

वॉकीटॉकी हातात आला की चांगला शहाणा माणूस खुळ्यासारखा वागायला लागतो. कुणी तो मोबाइलसारखा कानाला लावतो. कुणी एरियलला धरून गाजरासारखा उचलतो. कुणी बटण दाबायच्या आधीच बोलायला लागतो, आणि बोलून झाल्यावर बटण सोडायचंच विसरतो. मग पलीकडचा बोंबलतोय आणि ह्याला पत्ता नाही. माझं डोकं फिरतं असलं बघून. मी वाहिद. लोणावळ्यात माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, आणि डोंगरात कुणी पडलं-हरवलं की जी रेस्क्यूची पोरं धावतात त्यांच्यात मी बरीच वर्षं आहे. पोट सुटल्यापासून मला दोराला कुणी लावत नाही. बेसला, म्हणजे खाली पायथ्याशी, वॉकीटॉकीचा सेट घेऊन बसायचं, हे माझं काम.

तर सगळ्या मावळात सेट नीट वापरणारा मी एकच माणूस पाहिला. लोहगडवाडीचे सोपान साबळे. वाडीत गाड्या लावायच्या जागेशेजारी त्यांची टपरी आहे, चहा, भजी, पिठलं-भाकरी. भाकरी बडवायला शालूबाई, म्हणजे आमच्या वहिनी. मुलगा निलेश शनिवार-रविवारी ट्रेकर लोकांना किल्ल्यावर आणि मागच्या रानात फिरवून आणायचा. सडपातळ पोरगा, बापासारखाच कमी बोलणारा, पण आईशी बोलायला लागला की थांबायचा नाही.

सोपानभाऊंना पहिल्यांदा सेट मीच दिला. वरची चकती फिरवली की चालू होतो, आणखी फिरवली की आवाज वाढतो, शेजारची चकती चॅनेलची आहे आणि तिला हात लावायचा नाही, एवढं मी सांगितलं. पुढचं सगळं त्यांनी स्वतःच काढलं. वारा असेल तर वाऱ्याकडं पाठ करायची. सेट तोंडापासून वीतभर लांब आणि उभा धरायचा. आणि थोड्याच दिवसांत आमच्याच पोरांना शिकवायला लागले! आमचा गौरव, दोरावर उतरायला पहिला, पण सेटवर बोलायला एकदम गयाळ. त्याला टपरीसमोर उभा करून भाऊंनी घेतला होता चांगलाच.

"ह्ये बटान दाबलं की तुजं त्वांड उघडं अन् कान बंद," ते म्हणाले. "सोडलं की कान उघडं. दोन्ही संगं व्हत न्हाईत. दाबायचं, दम धरायचा, मंग बोलायचं. न्हाईतर पयला शबुद जातो वाऱ्यावर. कळलं का रं?"

"कळलं, भाऊ."

"काय कळलंय, डोंबल! दाबून धरलंयस अजून."

आम्ही सगळे हसून बेजार. गौरव बिचारा कानापर्यंत लाल झाला.

त्यांच्याशिवाय आमचं पान हलत नव्हतं, त्याचं कारण सांगतो. हे सेट सरळ रेषेत चालतात. मध्ये डोंगर आला की संपलं. वाडीच्या मागं एक धार आहे, वाडीतले लोक तिला कावळ्याची धार म्हणतात, आणि तिच्या पलीकडच्या दरीतला आवाज बेसला कधीच येत नाही. मोबाइलचं तर नावच काढू नका. मग एकाने धारेवर मध्येच उभं राहायचं. दरीतले त्याला सांगणार, तो बेसला सांगणार. बेसने सांगितलेलं तो दरीत पोचवणार. त्या धारेवर एक खडक आहे, तिथं दोन्हीकडचं स्पष्ट ऐकू येतं. चार पावलं इकडं-तिकडं झालात की नुसती खरखर. तो खडक सोपानभाऊंनी शोधला होता, आणि त्यावर उभं राहायचं ते त्यांनीच.

मधल्या माणसाचं काम सोपं वाटतं, पण ते भल्याभल्यांना जमत नाही. माणूस ऐकतो एक आणि सांगतो आपल्या मनाचं. कुणी घाबरून वाढवतो, कुणी दया येऊन कमी करतो. सोपानभाऊ जे ऐकलं तेच सांगायचे, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. बाकीचे 'ओव्हर' म्हणतात, ते म्हणायचे 'सोडतो'.

ह्यावरून आमचं एकदा वाजलंही होतं. खंडाळ्याच्या एका हॉटेलातला वाढपी सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर आला आणि दरीत गेला. त्याची आई बेसवर माझ्याशेजारी बसलेली. सेटवर सोपानभाऊंचा आवाज आला, "पोरगा मयत हाय. झोळी पाठवा. सोडतो." त्या बाईने जो हंबरडा फोडला, तो अजून माझ्या कानात आहे. भाऊ खाली आल्यावर मी त्यांना झापलं. म्हटलं, गंभीर आहे म्हणायचं, जिवावर आलं होतं का तुमच्या?

ते चहाचा कप धुवत होते. "वाहिदभाऊ, गंभीर म्हनलं तर ती माउली गाडीमागं देव देव करत पळंल दवाखान्यापतुर," ते म्हणाले. "मंग तितं अनोळखी मानसं सांगनार तिला. त्यापरीस हितं कळलेलं बरं. हितं आपून हाय की." मला पटलं नाही. काळीज दगडाचं आहे ह्या माणसाचं, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

त्यानंतरची गोष्ट. गणपती उठले होते, रानात सोनकी पिवळी धमक फुललेली, आणि फुलं बघायला ही झुंबड! त्या रविवारी चिंचवडहून एक ग्रुप आला, बहुतेक बायकाच. राजेश्वरीताई म्हणून एक होत्या, त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी, अमृता. निलेश त्यांना कावळ्याच्या धारेवर घेऊन गेला. धुकं उतरलं तसा तो सगळ्यांना मागं फिरवत होता. आणि कुणी काही आगाऊपणा केला असं नाही, हो. नाहीतर माणसं लगेच म्हणतात, रील काढत असतील. पोरगी वाटेवरच होती. शेवाळलेल्या कातळावर पाय गेला, निलेशने तिची सॅक धरली, आणि दोघंही धुक्यात दिसेनासे झाले.

आम्ही पोचलो तेव्हा सोपानभाऊ टपरीबाहेर चप्पल बदलून बूट घालून तयार होते. मी म्हटलं, "भाऊ, आज तुम्ही नको."

"मंग कोन?" त्यांनी हात पुढं केला. "सगळी पोरं दोरावं लागनार. तुमाला चढ चढवत न्हाई. द्या सेट."

"अहो, पण तिथं काय ऐकायला लागेल..."

"तेच म्हंतो मी. जे काय हाय, ते मला आदी कळंल." माझ्या हातून सेट जवळजवळ ओढूनच घेतला त्यांनी. बॅटरी बघितली, आवाज बघितला आणि निघाले. बायकोकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गौरव आणि बाकीची पोरं दोर घेऊन त्यांच्यामागं गेली.

बेस म्हणजे त्यांच्याच टपरीतलं टेबल. मी सेट मध्ये ठेवला. एका बाजूला राजेश्वरीताई, दुसऱ्या बाजूला शालूवहिनी. राजेश्वरीताईंचे दात थडथडत होते. वहिनींनी त्यांच्या अंगावर स्वतःची शाल टाकली आणि चहा पुढं केला, तो काही त्यांनी घेतला नाही. सारखं एकच चाललेलं, "तो आहे ना तिच्याबरोबर? निलेश आहे ना?" वहिनी म्हणायच्या, "हाय की. त्यो सोडायचा न्हाई तिला."

मग सेटवर भाऊंचा आवाज आला. तो बेससाठी नव्हता. दरीत गौरवशी बोलत होते, त्यांच्या बाजूचं तेवढं आम्हाला ऐकू येत होतं. "परत सांगा, गौरव. सोडतो."

मी कान टवकारले. 'परत सांगा' असं भाऊ कधी म्हणत नसत. त्यांना एकदाच ऐकून पुरायचं.

पुन्हा आलं, "परत सांगा." आवाज जरा बसलेला. नंतर तिसऱ्यांदा. मग खूप वेळ काहीच नाही. पलीकडून कुणी बोललं की सेटवर लागतो तो दिवा विझलेला, आणि आम्ही तिघं त्या दिव्याकडं बघत बसलेलो.

"बेस, बेस." भाऊच. "एक जन जिवंत हाय. पाय मोडलाय. शुद्धीवर हाय, बोलतंय. स्ट्रेचर अन् दुसरा दोर पाठवा. सोडतो."

राजेश्वरीताई ताडकन उठल्या. "कोण? कोण जिवंत आहे?"

मी बटण दाबलं. "भाऊ, ऐकलं. जिवंत कोण ते सांगा. नाव सांगा."

दिवा लागला, विझला. मग तेच. "एक जन जिवंत हाय. पाय मोडलाय. स्ट्रेचर अन् दुसरा दोर पाठवा. सोडतो."

"अहो, मुलगा की मुलगी, एवढं तरी विचारा!" राजेश्वरीताईंनी माझा दंड गच्च धरला होता, नखं रुतत होती. मला त्यांचा राग आला नाही, सोपानभाऊंचा आला. म्हटलं, काय माणूस आहे हा! एका आईचा जीव टांगणीला लागलाय आणि हा नेमकं तेवढंच गिळतोय. मी पुन्हा बटणावर बोट ठेवलं.

"वाहिदभाऊ." वहिनींनी माझा हात धरला. "इचारू नका त्येंना."

त्या राजेश्वरीताईंकडं वळल्या. त्यांना खाली बसवलं. खांद्यावरून घसरलेली शाल पुन्हा नीट केली. मग म्हणाल्या, "ताई, तुमची हाय."

"तुम्हाला कसं कळलं? नाव तर घेतलंच नाही त्यांनी."

"तुमची गेली असती तर त्येंनी सांगितलं असतं," वहिनी म्हणाल्या.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठं प्रकाश पडला, आणि पडला तसं मी बटणावरचं बोट काढून घेतलं. त्या खंडाळ्याच्या आईला ह्याच माणसाने एका दमात सगळं सांगितलं होतं. आणि मी त्याला दगड म्हणालो होतो! राजेश्वरीताईंनाही कळायला थोडा वेळ लागला. कळलं तशा त्या वहिनींच्या पायाशी बसून रडायला लागल्या. स्वतःच्या पोरीसाठी रडत होत्या की ह्यांच्या पोरासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढं हात केला. "त्येंच्याशी बोलायचंय मला. कुटं दाबायचं?"

मी बटण दाखवलं. त्यांनी सेट दोन्ही हातांनी धरला.

"अवो," त्या म्हणाल्या. "कळलं मला. तुमी पोरीला वर घ्या."

बटण सोडलं आणि सेट टेबलावर ठेवून दिला. भट्टीवरचा चहा उतू गेला, तो तसाच जळत राहिला. किती वेळ गेला कोण जाणे, मग सेटवर एवढंच आलं, "व्हय."

आणि मग ते कामाला लागले. खरं सांगतो, मी तसं काम पुन्हा कधी ऐकलेलं नाही. गौरव खालून जे सांगेल ते वर दोर धरलेल्या पोरांना आणि इकडं मला. ढील द्या. थांबा. घ्या वर. पोरीचा पाय अडकतोय, डाव्या अंगानं घ्या. आवाज अगदी सरळ, रोजच्यासारखा. दिवस कलायच्या आत अमृता वर आली. स्ट्रेचरवरून ती निलेशचंच विचारत होती म्हणे, आणि पोरं तिला म्हणत होती, येतोय मागून.

जिवंत माणूस आधी वर घ्यायचा, हा नियम आहे. म्हणून निलेश नंतर. मी सेटवर म्हटलं, "भाऊ, आता तुम्ही या खाली. दुसरं कुणी उभं राहील तिथं."

"न्हाई," ते म्हणाले. "मी हाय हितं."

त्यांच्याच आवाजावर त्यांचा पोरगा वर आला. ढील द्या. थांबा. घ्या वर. गौरवने मला नंतर सांगितलं, बातमी त्याने पहिल्याच वेळेला स्पष्ट दिली होती. निलेश गेला, भाऊ, असं. तरी त्यांनी परत सांगायला लावलं. तिसऱ्या वेळेला गौरवच्याने बोलवेना, तो नुसता बटण दाबून रडला. हे सांगतानाही तो ढसाढसा रडत होता.

अमृता आता काठी घेऊन चालते. एकदा आईबरोबर वाडीत येऊन गेली, वहिनींनी जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. सोपानभाऊ अजून धारेवर येतात, कुणासाठीही, बोलवलं की लगेच. जिवंत असो, मयत असो, ऐकलेलं जसंच्या तसं सांगतात. मी त्यांना कधी काही विचारलं नाही, विचारणारही नाही.

पण टपरीवर जुनी गिऱ्हाइकं येतात. पुण्याकडची पोरं, दरवर्षी येणारी. गाडीतून उतरल्या उतरल्या हाक मारतात, "काका, निलेशदादा कुठंय? ह्या वेळेस पण त्याच्याबरोबरच जायचंय आम्हाला." भाऊ हातातलं काम ठेवतात आणि लाकडं आणायला म्हणून मागच्या दारानं निघून जातात. मग शालूवहिनी तव्यावरची भाकरी उतरवून ठेवतात, हाताचं पीठ झटकतात, आणि त्या पोरांना सांगतात. दर वेळी त्याच सांगतात.